चंद्र-शनी एका घरात आले म्हणून सोयरीक मोडायची का?

प्रश्न: नमस्कार. माझ्या मुलासाठी अहमदपूरकडचं स्थळ आलंय. मुलगी शिकलेली आहे, माणसं चांगली आहेत, गुण पण २६ जुळले, बोलणी जवळजवळ ठरलीच होती. पण भावकीतल्या एकांनी मुलीची पत्रिका दुसऱ्या गुरुजींना दाखवली, तर ते म्हणले चंद्र-शनी युती आहे, विषयोग आहे, घरात कायम कटकट राहील, आधी शांती करा नाहीतर विचार सोडा. मुलीचा जन्म २००१ च्या कार्तिक पौर्णिमेचा, सकाळी अंदाजे साडेदहा, लातूर. मकर लग्न (म्हणजे पत्रिकेचं पहिलं घर मकरेचं), पंचमात म्हणजे पाचव्या घरात वृषभेचे चंद्र-शनी. जिवाला नुसता घोर लागलाय. — एक आई, उदगीर

उत्तर: ताई, आधी सांगतो, या युतीवरून ही सोयरीक मोडू नका. आता का ते बघा.

चंद्र एका राशीत साधारण सव्वा दोन दिवस असतो, म्हणजे दर महिन्याला तो शनी ज्या राशीत बसलाय तिच्यातून जातोच, आणि त्या सव्वा दोन दिवसांत जन्मलेल्या प्रत्येक लेकराच्या पत्रिकेत ही युती येते. तेवढ्यांचे संसार नासलेत का? आपल्याच गावात बघा, नसतात नासलेले. म्हणून युतीचं नाव ऐकून घाबरायचं नसतं, ते दोन ग्रह त्या पत्रिकेत कुठल्या घरांचे मालक आहेत हे आधी बघायचं असतं, आणि घाईघाईत नेमकं तेच राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं कारण त्यात पोरीचं लग्न अडकतं.

मकर लग्नाला शनी म्हणजे लग्नेश, पहिल्या घराचा मालक, स्वतः ती मुलगी. सप्तमात म्हणजे सातव्या घरात कर्क रास, तिचा स्वामी चंद्र, म्हणजे सप्तमेश, नवऱ्याचं घर. म्हणजे ज्याला विषयोग म्हणले तो इथं लग्नेश आणि सप्तमेश यांचा योग आहे, तोही पंचमात, त्रिकोणात, म्हणजे शुभ घरात. विवाहासाठी असा योग आपण शोधत असतो हो! त्यात चंद्र वृषभेत, उच्चीचा, आणि जन्म पौर्णिमेचा म्हणल्यावर पक्षबल, म्हणजे कलेचं बळही पूर्ण. शनी मित्राच्या राशीत. असा चंद्र शनीनं दबत नाही.

अंशही मी काढून बघितले. चंद्र वृषभेच्या ६ अंशांच्या आसपास, कृत्तिका नक्षत्रात, आणि शनी १८ च्या आसपास, रोहिणीत, वक्री म्हणजे उलट चालीचा. बारा अंशांचं अंतर आहे. रास एक असली तरी घट्ट युती नाही ही, घट्ट म्हणायला पाच-सात अंशांच्या आत यावं लागतं असं मी तरी धरतो.

आता दुसरी बाजूपण सांगायला पाहिजे. पंचमातून शनीची तिसरी दृष्टी थेट सप्तमावर पडते. कृष्णमूर्ती पद्धतीवाले चंद्र-शनी संबंधाला पुनर्फू म्हणतात, त्यात ठरलेलं पुढं ढकललं जातं, बोलणी अडतात, मग परत जुळतात. तुमच्याकडं सध्या तेच चाललंय असं वाटतं. मुलगी स्वभावानं गंभीर असेल, पटकन मोकळी होणार नाही, मनात ठेवेल. सासरी आल्यावर पहिलं वर्षभर तिला टोचून बोलू नका, तिच्याशी बोलत राहा, एवढं सासू म्हणून तुमच्या हातात आहे आणि त्याचा उपयोग कुठल्याही शांतीपेक्षा जास्त आहे.

दशा, म्हणजे आयुष्यात कुठल्या ग्रहाचा काळ चाललाय ते, बघा. कृत्तिकेचा जन्म म्हणजे सुरुवात सूर्याच्या दशेनं, ती दोनेक वर्षंच शिल्लक होती, नंतर चंद्राची दहा वर्षं, ती लहानपणीच गेली. सध्या राहूची महादशा आणि त्यात शनीचं अंतर, म्हणजे पोटातला छोटा काळ, आहे, २०२८ पर्यंत. लग्नेश सप्तमेशाबरोबर बसलेला असताना त्याच्या अंतरात लग्न ठरणं हे अगदी बरोबर बसतं. शनी आता मीनेत आहे, वृषभ राशीला साडेसाती नाही, २०२७ मध्ये तो मेषेत आला की सुरू होईल, पण लग्नेशाच्या साडेसातीचं मी भय घालणार नाही.

शांतीचं म्हणाल तर गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवनला शनीचं जुनं ठाणं आहे, मनाला बरं वाटत असेल तर दोघं लग्नानंतर दर्शन घेऊन या. शांतीसाठी कर्ज काढू नका.

एक मात्र करा, वेळ पक्की करा. तुम्ही अंदाजे लिहिलंय. त्या दिवशी लातूरला मकर लग्न दहाच्या सुमारास लागलं आणि पावणेबाराच्या पुढं संपलं, म्हणजे अर्ध्या तासाची चूक असेल तर लग्न धनू होतं, मग चंद्र अष्टमेश, म्हणजे आठव्या घराचा मालक, होऊन षष्ठात, सहाव्या घरात जातो आणि वर लिहिलेलं सगळं बदलतं. दवाखान्याचं कार्ड मागा, आणि वेळ वेगळी निघाली तर परत लिहा.

प्रश्न: आमच्या नातवाचा जन्म २०२३ च्या दसऱ्याचा. गुरु-राहू दोघं मेषेत, गुरुचांडाळ योग म्हणतात. पोरगं वाया जाईल का? — आजोबा, जालना

उत्तर: आजोबा, नाही. २२ एप्रिल ते ३० ऑक्टोबर २०२३ गुरू आणि राहू दोघं मेषेत होते, त्या सहा महिन्यांतल्या सगळ्या लेकरांना हा योग आहे. दोघं अगदी जवळ आले ते मे-जूनमध्ये. दसऱ्यापर्यंत गुरू सतरा अंशांच्या आसपास आणि राहू राशीच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे बरेच लांब गेलेले. लग्नरास कळवा, मग गुरू कुठल्या घरांचा मालक आहे ते बघून सांगतो.