ह्यूस्टनमध्ये घर घेतलंय. अंगणात आणि मेथी-वांग्यांच्या वाफ्याजवळ फायर अँट्सची (चावऱ्या लाल मुंग्यांची) वारुळं आहेत, घरात लहान मुलं आहेत. उकळतं पाणी, व्हिनेगर, हळद यांपैकी कशाने जातील?

हळद आणि व्हिनेगर सोडून द्या. उकळत्या पाण्याने थोडंफार होतं. एका वारुळावर दोन-तीन गॅलन ओतलं तर दहातली पाच-सहा वारुळं मरतात. पण तेवढं पाणी उचलून नेताना पायावर सांडतं आणि जवळचं रोपही उकडून निघतं. नुसता पाण्याचा पाइप सोडायचं तर मनातही आणू नका. 2017 मध्ये हार्वे चक्रीवादळाच्या पुरात याच मुंग्या एकमेकींना धरून, राणी आणि अंडी मध्ये ठेवून तरंगत होत्या.

पेट्रोलचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच, म्हणून लिहिते. माझा कढीपत्ता त्यात गेला.

इथे कढीपत्ता जमिनीत वाढवणं म्हणजे काय, ते वाढवणाऱ्यालाच कळतं. थंडीची लाट आली की रात्री जुन्या चादरी गुंडाळायच्या, बुंध्याशी पाचोळा रचायचा. माझं झाड कुंपणापर्यंत पोचलं होतं, ओळखीतल्या निम्म्या घरांच्या फोडणीत त्याची पानं पडायची. त्याच्या बुडाशी वारूळ झालं. भुसभुशीत मातीचा ढीग, वर भोक कुठेच नाही, कारण या मुंग्यांची ये-जा जमिनीखालच्या बोगद्यांतून असते. काडी लावली की क्षणात माती दिसेनाशी होते, नुसत्या लाल मुंग्या. मी मुंग्यांचं विषारी आमिष आणायला दुकानात गेले होते. तेवढ्यात मोठे दीर आले आणि लॉन मोअरसाठी ठेवलेला पेट्रोलचा कॅन त्यांनी वारुळावर रिकामा केला.

आधी शेंड्याची पानं पिवळी पडली, मग हात लावला की देठासकट गळायला लागली. त्या जागी नंतर कितीतरी काळ गवतसुद्धा उगवलं नाही. आणि मुंग्या? कुंपणाच्या कडेला नवं वारूळ. तरी दरवर्षी गणपतीत जेवणाच्या पंगतीत भावजी सांगतात, "मुंग्या तर गेल्या ना!" गेल्या नाहीत, भावजी. मोठ्या वारुळात दोन लाखांवर मुंग्या असतात आणि राणी खोल बसलेली असते. वरून काहीही ओतलं आणि ती वाचली, तर सगळं पुन्हा उभं राहतं. शिवाय पेट्रोल जमिनीत आणि पाण्यात उतरतं, पेट घेण्याचा धोका वेगळाच.

राणीपर्यंत विष मुंग्यांनीच न्यायला हवं. आमिष म्हणजे मक्याच्या कण्या, त्यांना सोयाबीनचं तेल आणि त्या तेलात औषध. कामकरी मुंग्यांना घन अन्न गिळता येत नाही. त्या कणी अळ्यांना भरवतात आणि तेलातलं औषध तोंडातोंडी राणीकडे जातं. म्हणून वारूळ उकरायचं नाही, दाणे त्याच्या डोक्यावर टाकायचे नाहीत. सगळ्या अंगणात पातळ भुरभुरवायचे. एकराला एक-दीड पौंड पुरतं, म्हणजे तुमच्या अंगणाला मूठभर. आधी बटाट्याचा एक वेफर गवतात ठेवून बघा. अर्ध्या तासात मुंग्या लागल्या तर त्या खायला बाहेर पडताहेत, तेव्हाच टाका. उन्हाळ्यात संध्याकाळी, जमीन कोरडी असताना, पुढचा एक दिवस पाऊस नाही असं बघून. वसंतात एकदा आणि पानगळीच्या सुमारास एकदा. फरक दिसायला काही आठवडे लागतात, आणि तेवढा धीर नसतो म्हणूनच लोक पेट्रोलचा कॅन उचलतात. मुलं खेळतात तिथे एखादं वारूळ असेल तर तेवढ्यापुरतं वारुळावर टाकायचं वेगळं औषध मिळतं, ते वापरा.

वाफ्याचं राहिलंच. आमिषातलं औषध कोणतं ते पाकिटावर बघा. हायड्रामेथिलनॉन नावाच्या औषधाचं आमिष भाजीत चालत नाही. स्पिनोसॅड नावाच्या औषधाचं घ्या आणि लेबलवर भाज्यांचा उल्लेख आहे ना, ते वाचून घ्या. चावल्यावर दुसऱ्या दिवशी पांढरे फोड येतात, ते मुलांना फोडू देऊ नका. श्वास लागला किंवा तोंड सुजलं तर थेट 911 या आपत्कालीन नंबरला फोन करा.

शेजाऱ्यांनाही त्याच आठवड्यात टाकायला सांगा, कारण नव्या राण्या उडून येतात. भावजी आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. त्यांनी अजून आमिष टाकलेलं नाही, आणि माझ्याकडे नवी वारुळं निघतात ती त्याच बाजूच्या कुंपणाशी.