तयार बिलिंग सॉफ्टवेअर घेतल्यावर काही जण खूश असतात, काही वैतागतात, असं का?

तुम्ही कापडाच्या दुकानासाठी घेताय म्हणून सांगतो, मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो आणि आमचं एकदा सॉफ्टवेअर बदलून झालंय.

फीचरची यादी कितीही लांब असू दे, आपल्या धंद्याचं माप त्यात बसतंय का ते आधी बघा. आमच्याकडे टॉवेल वजनावर मोजतात, पार्टीला म्हणजे गिऱ्हाईक व्यापाऱ्याला जातो डझनावर, आणि चादर नगावर. पहिल्या सॉफ्टवेअरमधे एका मालाला एकच युनिट होतं, मग आमचे मुनीमकाका रोज संध्याकाळी वहीत डझनाचे किलो करून परत आत टाकायचे आणि महिनाअखेरीला स्टॉक काही केल्या जुळायचा नाही. डेमोत हे कळलंच नाही कारण डेमो द्यायला आलेल्या पोराने त्याचाच डेटा दाखवला आणि आम्ही मान डोलावली. तुम्ही तसं करू नका, कालचं आपलं खरं बिल त्याच्यासमोर ठेवा आणि रोज बिल करणाऱ्या माणसालाच कॉम्प्युटरवर बसवा, मालकाला नाही.

मग सर्व्हिस. मला विचाराल तर निम्मं समाधान इथंच आहे. जीएसटीआर-1, म्हणजे महिन्याच्या विक्रीचं जीएसटी रिटर्न, त्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची 11, आमची फाइल 10 ला संध्याकाळी एरर द्यायला लागली, हेल्पलाइनवाले नुसता तक्रार नंबर देत राहिले, रात्री दीडला हाताने सगळी बिलं पोर्टलवर चढवली. आता डीलर गावातलाच आहे, चार पैसे जास्त घेतो पण फोन केला की तासाभरात गाडीवर येतो.

किंमत विचारताना दुसऱ्या वर्षाचं रिन्युअल किती तेही विचारा. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले, चादर-टॉवेलला 5 टक्के दर नगाला 1000 रुपयांपर्यंतच होता तो 2500 पर्यंत झाला, तेव्हा ज्यांचं रिन्युअल चालू होतं त्यांचं अपडेटवर भागलं, बाकीचे एकेका मालाचा दर हाताने बदलत बसले. सगळा डेटा एक्सेलमधे बाहेर काढता येतो का तेही डेमोतच करून बघा, आम्हाला जुन्यातून पार्ट्यांची येणी काढायला पंधरा दिवस लागले. आणि जमलं तर 1 एप्रिललाच, नवं हिशोबाचं वर्ष लागतं तेव्हा, सुरू करा, ओपनिंग स्टॉक मोजलेलाच असतो.