‘कशाला आलात’ आणि ‘का गेलात’

प्रश्न थोडक्यात असा: इराक, अफगाणिस्तान, लिबिया अशा ठिकाणी बाहेरच्या देशाचं सैन्य लोकांना ‘सोडवायला’ गेलं. ज्यांच्या दारात ही लढाई झाली त्या साध्या माणसांना आज काय वाटतं? मोजलेल्या किमतीच्या मानानं पदरात काही पडलं का?

हा विषय निघाला की आपण लगेच अमेरिकेवर घसरतो. बाहेरचं सैन्य म्हणजे काळे चष्मे घातलेले गोरे, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की एके काळी आपणही ते बाहेरचं सैन्य होतो हे कुणाच्या लक्षात राहत नाही. माझ्या राहिलंय, कारण मी त्यात होतो. श्रीलंकेत गेलेली भारतीय शांतिसेना, म्हणजे आयपीकेएफ; ठिकाण उत्तरेतलं तमिळ शहर जाफना. फेब्रुवारी 1988 मध्ये गेलो आणि दोन वर्षांनी परतलो. काम नर्सिंग असिस्टंटचं, म्हणजे बंदूक होती, पण हातात बहुतेक वेळ कापूस आणि टिंक्चर. लढाईच्या गोष्टी ऐकायच्या असतील तर माझ्याकडे फारशा नाहीत. लोक मात्र जवळून पाहिले.

आधी एक गोष्ट. आम्ही कुणाला नको असताना घुसलो नव्हतो. 1983 च्या जुलैत तिथे तमिळांची कत्तल झाली, लाखाच्या वर माणसं होड्यांतून तमिळनाडूत आली. 1987 च्या मे महिन्यात श्रीलंकेच्या सैन्यानं जाफन्याजवळच्या वडमराच्ची भागात तमिळ बंडखोरांविरुद्ध मोठी मोहीम उघडली आणि जाफन्याची रसद तुटली. आपण मच्छीमार होड्यांतून मदत पाठवली, ती त्यांच्या नौदलानं 3 जूनला परत पाठवली. दुसऱ्याच दिवशी आपल्या पाच एएन-32 विमानांनी मिराज लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात जाफन्यावर धान्य आणि औषधं टाकली, सुमारे 25 टन. मग 29 जुलैला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला आणि आपल्या पलटणी पलालीच्या विमानतळावर उतरल्या. माझ्या आधी गेलेले लोक सांगायचे, गाड्या पुढे सरकेनात इतके हार आणि नारळ. म्हाताऱ्या बायका जवानांच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायच्या.

त्याच आठवड्यात कोलंबोत मानवंदना घेताना राजीव गांधींवर श्रीलंकेच्याच नौदलाच्या एका सैनिकानं बंदुकीचा दस्ता उगारला, हे बऱ्याच जणांनी टीव्हीवर पाहिलं असेल. दक्षिणेत सिंहली मुलखात जेव्हीपी या डाव्या बंडखोर संघटनेनं भारतीय माल विकायला बंदी घातली, न ऐकणाऱ्या दुकानदारांना जिवाची भीती. तिकडे मोठ्या कांद्याला आजही ‘बॉम्बे अनियन’ म्हणतात. आपल्याकडच्या कांद्यावरसुद्धा माणसं मारायची धमकी होती! तेव्हा ‘तिथल्या लोकांना काय वाटलं’ म्हणताना कुठले लोक, हे पहिल्या दिवसापासून विचारावं लागतं.

जाफन्यातलं कौतुक टिकलं जेमतेम दहा आठवडे. सप्टेंबरात वाघांचा, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या एलटीटीईचा, तिलीपन नल्लूरच्या देवळापुढे पाण्याचा थेंबही न घेता उपोषणाला बसला आणि बाराव्या दिवशी गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पकडलेल्या वाघांपैकी बारा जण पलालीत आपल्या डोळ्यांदेखत सायनाइड चावून मेले. 10 ऑक्टोबरला वाघांविरुद्ध आपलं ऑपरेशन पवन सुरू झालं. युनिव्हर्सिटीच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरनं उतरलेल्या 13 शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जवानांपैकी एकच वाचला. नोव्हेंबरात मेजर रामस्वामी परमेश्वरन गेले, मुंबईत जन्मलेले, 8 महारचे. परमवीर चक्र मरणोत्तर. आपली एकूण साडेअकराशेच्या वर माणसं गेली. हे मी आधी सांगतोय, कारण पुढचं वाचून कुणी मला देशद्रोही ठरवायच्या आत ते कानावर पडलेलं बरं.

आता दुसरी बाजू. त्याच ऑक्टोबरात, तमिळ लोकांच्या दिवाळीच्या दिवशी, आपलं सैन्य जाफन्याच्या मोठ्या इस्पितळात शिरलं. साठच्या वर माणसं मेली. पेशंट, नर्स, डॉक्टरसुद्धा. आतून गोळीबार झाला म्हणून, असं आपल्या बाजूनं सांगितलं गेलं. पलंगाखाली प्रेतांमध्ये पडून राहिलेले जे कर्मचारी वाचले ते वेगळं सांगतात. मी तिथे नव्हतो. पण चार महिन्यांनी जाफन्यात उतरलो तेव्हा मेडिकलचा माणूस म्हणून माझ्या दंडावरच्या लाल क्रॉसकडे लोक ज्या नजरेनं बघत, त्यावरून मला कुणी वेगळं सांगायची गरज उरली नाही.

आमची एमआय रूम, म्हणजे पलटणीचा छोटा दवाखाना, पलालीच्या रस्त्यालगत, उरुंपिराईच्या आसपास एका रिकाम्या घरात होती. अंगणात विहीर, भोवती ताडाच्या झावळ्यांचं कुंपण, माणसाच्या डोक्याहून उंच. सकाळी दोन तास गावकऱ्यांसाठी. मद्रास रेजिमेंटच्या दोस्ताकडून मी ‘वलिक्कुदा?’, म्हणजे दुखतंय का, एवढं शिकून घेतलं होतं. पहिल्याच दिवशी एक बाई पोटाला हात लावून म्हणाली, ‘नोगुदु.’ मी म्हटलं, काय? ती परत, ‘नोगुदु.’ जाफन्याच्या तमिळमध्ये दुखणं म्हणजे नोगुदु. तिचं पोट दुखत होतं आणि माझ्या तोंडून मद्रासची तमिळ ऐकून रांगेतल्या बायका पदराआड हसत होत्या. तेवढंच काय ते हसू.

दुभाषा म्हणून एक पोरगा यायचा. अठरा-एकोणीसचा, कॉलेज बंद म्हणून घरी बसलेला, इंग्रजी फर्डं. पगार नव्हता, दुधाच्या पावडरीचा डबा आणि बिस्किटं. एकदा मी त्याला विचारलं, इथे सगळे ‘इंडियन आर्मी गुड’ म्हणतात, खरंच असं वाटतं का रे यांना? तो म्हणाला, ‘सर, कुंपणाच्या आत आयपीकेएफ म्हणजे इंडियन पीस कीपिंग फोर्स. कुंपणाच्या बाहेर इनोसंट पीपल किलिंग फोर्स.’ आणि हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या पोरानं 1988 मध्येच दिलं होतं: बंदूकवाल्यानं विचारलं की कुंपणाच्या आतलंच उत्तर मिळतं. सर्व्हे करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

लोकांना सगळ्यात जास्त टोचलं ते काय, तर तोफा नाहीत. झडती. भल्या पहाटे गाव घेरायचं, पुरुषांना शाळेच्या मैदानात उकिडवं बसवायचं आणि तोंड झाकलेल्या माणसापुढून एकेकाला न्यायचं. त्यानं मान हलवली की तो उचलला. अशा माणसाला तिथे ‘तलैयाट्टी’ म्हणत, मान डोलावणारा. आपल्या दारात नंदीबैल येतो ना, गुबूगुबू करत मान हलवणारा, तसाच. फक्त इथे मान हलली की कुणाच्या तरी घरात चूल पेटत नसे. तो मुखवट्यातला माणूस त्यांच्यातलाच, वाघांच्या विरोधातल्या दुसऱ्या तमिळ गटाचा. जुनी भांडणं, जमिनीचे वाद, सोयरिकीतले राग, सगळं त्या एका मानेत.

पुढे 1989 मध्ये आपल्या पाठिंब्यावर आलेल्या प्रांतिक सरकारनं तमिळ नॅशनल आर्मी उभी करायला घेतली. पोरं रस्त्यावरून, बसमधून उचलून नेऊ लागले. एक बाई सलग चार दिवस एमआय रूमला आली. तेव्हा खोकल्याचं औषध न्यायला लोक घरूनच बाटली आणत. तिच्या हातात रिकामी बाटली, नीट धुतलेली, पण खोकला काही नाही. औषध भरून देतो म्हटलं तर बाटली मागे घ्यायची. चौथ्या दिवशी दुभाषा म्हणाला, सर, हिचा मुलगा नेलाय, तुमच्या साहेबांशी बोलायचंय, पण बाटलीशिवाय गेटवर आत सोडत नाहीत. मी साहेबांना सांगितलं. त्यांनी वर कळवलं. पुढे काही झालं नाही. मग ती यायची बंद झाली.

तोवर कोलंबोत प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले होते. आम्ही निघून जावं असं त्यांना वाटत होतं, वाघांनाही तेच हवं होतं, आणि गंमत म्हणजे तेवढ्यापुरते ते दोघे एक झाले होते. 24 मार्च 1990 ला शेवटचं जहाज त्रिंकोमालीहून सुटलं. मद्रासला स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत. फौजी माणसाला हे लागतं, नाही म्हणत नाही. पण ज्यांच्यासाठी गेलो म्हणतो त्यांनीच वाटेत कुठे हात हलवला नव्हता, मग करुणानिधींवर काय रागवायचं.

2019 च्या जानेवारीत बायकोला घेऊन परत गेलो. कोलंबोहून जाफन्याची रेल्वे 1990 पासून बंद होती, 2014 मध्ये आपल्या इरकॉन या सरकारी रेल्वे-बांधकाम कंपनीनं ती परत सुरू करून दिली. आमची एमआय रूम काही सापडली नाही, पण त्या भागातल्या एका रिटायर मास्तरांशी चहाच्या दुकानात ओळख झाली. इथे होतो, हे मी लपवलं नाही. ते जरा वेळ गप्प बसले आणि घरी घेऊन गेले. त्यांच्या बायकोनं चहा ठेवला, माझ्या बायकोच्या हाताला हात लावला, माझ्याकडे न बघता आत गेली ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. तिचा भाऊ त्या ऑक्टोबरात गेला होता.

मास्तर इंग्रजीत म्हणाले, ‘तुम्ही कशाला आलात? आम्ही अन्न मागितलं होतं.’ मी काही बोललो नाही. ते बोलत राहिले. जूनमध्ये, म्हणजे आम्ही निघाल्यावर तिसऱ्याच महिन्यात, पुन्हा युद्ध सुरू झालं. ऑक्टोबरात वाघांनी जाफन्यातल्या मुसलमानांना दोन तासांत घरं सोडायला लावली; मास्तरांच्या शाळेतली पोरं होती त्यांत. 1995 मध्ये अख्खं शहर पाठीवर गाठोडी घेऊन पुलावरून निघालं, त्यात ते स्वतः. आणि 2009, मुळ्ळिवायक्काल, जिथे वाघांची शेवटची लढाई झाली. शेवटच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या समितीनं म्हटलंय. त्या चिंचोळ्या किनाऱ्यावर मास्तरांची बहीण होती.

चहा संपल्यावर म्हणाले, ‘आणि आलात तर मग गेलात का?’

मी जरा सैल झालो असेन, त्यांच्या लक्षात आलं. लगेच म्हणाले, ‘2009 पाहिल्यावर 1987 लहान वाटायला लागलं, एवढंच. त्यात तुमची काही पुण्याई नाही.’

हे मला तिथे आणखी तिघा-चौघांकडून ऐकायला मिळालं, शब्द वेगळे. ‘कशाला आलात’ आणि ‘का गेलात’ हे दोन वेगळ्या पक्षांचे प्रश्न नाहीत, एकाच घरातले आहेत, कधी एकाच तोंडचे. इराकचंही तसंच दिसतं. 2004 च्या मार्च-एप्रिलमध्ये गॅलप या सर्वेक्षण संस्थेनं तिथे घरोघर जाऊन विचारलं होतं. सद्दाम गेला त्यापायी सोसलं ते सार्थकी लागलं, असं 61 टक्के म्हणाले. आणि अमेरिकी सैन्यानं ताबडतोब निघून जावं, असं 57 टक्के. आपले पंडित यातला हवा तो आकडा उचलतात. मला ते दोन आकडे शेजारी शेजारी बघितले की मास्तरच दिसतात.

बांगलादेशाचं उदाहरण कुणीतरी देणारच. तिथे लढाई तेरा दिवसांची आणि मार्च 1972 पर्यंत आपलं सैन्य परत आलेलं. कुणाचं तोंड झाकून मान हलवून घ्यायची वेळ आली नाही. दोन्हीकडे सैन्य तेच, शिस्त तीच. जाफन्यात आम्हाला राहावं लागलं, आणि ज्यांच्यात राहायचं त्यांच्याच पोरांशी लढावं लागलं.

करारातून कागदावर उरली ती श्रीलंकेची तेरावी घटनादुरुस्ती. प्रांतिक मंडळं आली. जमीन आणि पोलीस हे अधिकार त्यांच्या हाती खऱ्या अर्थानं आजही नाहीत. उत्तर आणि पूर्व प्रांत जोडले होते, ते 2006 मध्ये कोर्टाच्या निकालानं तुटले. युद्धानंतर आपण तिथे पन्नास हजार घरांची योजना राबवली, त्याबद्दल लोक चांगलं बोलतात. मास्तर रेल्वेबद्दल म्हणाले, गाडी वेळेवर असते.

तेव्हा सरळ विचाराल तर माझं उत्तर: जाफन्यातल्या लोकांना ते परवडलं नाही. आम्ही नसतो तर काय झालं असतं याची भीती त्यांना आहे आणि ती खोटी नाही, पण त्या भीतीला ‘सार्थक झालं’ म्हणायला मी तरी धजणार नाही.

त्या काळातला एखादा फोटो दाखवा, असंही विचारलंय. एक आहे. एमआय रूमच्या पायरीवर मी, आमचे हवालदार आणि दुधाचा डबा काखेत धरलेला तो दुभाषा पोरगा. आम्ही निघालो त्याच्या आदल्या आठवड्यात त्यानं माझ्याकडे येऊन त्याची प्रत परत दिली होती. ‘घरात सापडला तर बरं दिसणार नाही, सर.’ मास्तरांना मी त्याचं नाव सांगून विचारलं. त्यांनी माझी बशी उचलली, आणखी चहा घेणार का विचारलं आणि पावसाचं बोलू लागले. फोटो मी टाकत नाही. दोन्ही प्रती माझ्याकडेच आहेत.