एक्स-रे स्वच्छ आहे, मग दाढ का दुखते?

दातांच्या एक्स-रेबद्दल वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : खालची दाढ चावताना मध्येच कळ देते, थंड पाणीही झोंबतं. डेंटिस्टनी एक्स-रे काढला आणि ‘यात काही दिसत नाही’ म्हणाले. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. खरंच तसं असेल का?

उत्तर : नाही. एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे दात निरोगी, असं समजू नका. एक्स-रेत उमटते ती खनिजाची सावली. इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कवचात, खनिज सगळ्यांत जास्त, म्हणून ते पांढरंशुभ्र दिसतं. त्याच्या आतलं डेंटिन करडं, आणि नस मऊ असल्यामुळे काळी. कीड लागली की खनिज विरघळतं आणि तिथे काळसर छटा येते, पण साधारण 30 ते 40 टक्के खनिज गेल्याशिवाय तो फरक डोळ्यांना कळतच नाही. त्यामुळे एक्स-रेत दिसते त्यापेक्षा कीड आत जास्त पसरलेली असते, हे धरूनच चालावं.

मुळाच्या टोकाशीही हेच होतं. नस सुजली, अगदी मेली, तरी टोकाभोवतीचं हाड झिजायला वेळ लागतो. जबड्याच्या हाडाची बाहेरची भिंत घट्ट असते, आतला भाग जाळीदार. जाळीदार भाग पोखरला गेला आणि भिंत शाबूत राहिली, तर डाग उमटत नाही. म्हणूनच ठणका शिगेला पोहोचलेला असतानाही पहिले काही दिवस एक्स-रे कोरा येऊ शकतो.

तुम्ही सांगता ती लक्षणं मात्र आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवतात, ती म्हणजे दाढेतला तडा. दाढेचा तडा बहुधा पुढून मागे जातो आणि एक्स-रेचे किरण गालाकडून जिभेकडे जातात. तडा किरणांना आडवा पडतो, त्यामुळे दिसत नाही. चावलेलं सोडताना कळ येत असेल, तर संशय आणखी बळावतो. याची तपासणी हातानंच होते. दाढेच्या एकेका उंचवट्यावर छोटी काठी किंवा प्लास्टिकची पट्टी ठेवून चावायला सांगतात आणि नेमकी कुठे कळ येते ते पाहतात. हिरडी आणि दात यांच्यामधली फट बारीक सळईनं मोजतात. बाकी सगळीकडे 2-3 मिलिमीटर आणि एकाच बिंदूवर सळई खोल जाते, असं झालं तर तडा मुळापर्यंत उतरल्याची शंका घ्यावी लागते. थंड बोळा आधी शेजारच्या चांगल्या दाताला लावतात, मग दुखऱ्याला. बोळा काढल्यावर कळ लगेच थांबली तर नस बहुधा वाचण्याजोगी असते. अर्धा मिनिट उलटूनही ती रेंगाळली, तर नसेची सूज पुढे गेलेली असते.

एवढं झालं नसेल तर ते करून घ्या. वरची दाढही तपासायला सांगा, कारण एका बाजूच्या वरच्या दाताचं दुखणं त्याच बाजूला खाली जाणवू शकतं. तरीही कारण सापडलं नाही, तर काही आठवड्यांनी त्याच दाढेचा एक्स-रे पुन्हा काढून जुन्याशेजारी ठेवावा. सूज आली किंवा दुखण्याचा प्रकार बदलला तर मात्र लगेच जा. निदान झालेलं नसताना ‘रूट कॅनॉल करून बघू’ याला आमचा विरोध आहे. चुकीच्या दाताची नस काढली, तर ती परत घालता येत नाही.

प्रश्न : माझ्या एक्स-रेत खालच्या उपदाढेच्या मुळाशी गोल काळा डाग आहे. दात अजिबात दुखत नाही. पू झाला असेल का?

उत्तर : असेलच असं नाही. सुळा आणि दाढा यांच्यामधले दोन दात म्हणजे उपदाढा. खालच्या जबड्यात, दुसऱ्या उपदाढेच्या मुळाच्या आसपास हाडाला एक नैसर्गिक छिद्र असतं. ओठ आणि हनुवटीकडे जाणारा मज्जातंतू तिथून बाहेर पडतो. हे छिद्र मुळाच्या टोकावर उमटलं की हुबेहूब गळवासारखं दिसतं.

ओळखायची रीत सोपी आहे. एक्स-रेवर मुळाचा काठ शोधा. मुळाला लागून एक बारीक काळी रेघ आणि तिच्याबाहेर एक बारीक पांढरी रेघ असते. या दोन्ही रेघा टोकाला वळसा घालून सलग जात असतील आणि डाग नुसता त्यांच्यावर पडल्यासारखा वाटत असेल, तर ते छिद्र असण्याची शक्यता जास्त. टोकाशीच पांढरी रेघ तुटली आणि काळी रेघ फुगून डागात मिसळली, तर आजाराचा विचार करावा लागतो. खात्रीसाठी यंत्राचं तोंड थोडं बाजूला सरकवून दुसरा फोटो घेतात. छिद्र असेल तर डाग मुळापासून दूर सरकतो, गळू असेल तर टोकाला चिकटून राहतो. शिवाय थंड बोळ्याला तो दात शेजारच्यासारखाच प्रतिसाद देत असेल, तर नस जिवंत आहे आणि नसेमुळे तिथे गळू होण्याचं कारणच उरत नाही.

अशा फसव्या जागा आणखीही आहेत. दाताच्या मानेशी, हिरडीच्या रेषेजवळ, कडेला काळी छटा येते आणि ती किडीसारखी भासते. तिथे इनॅमल संपलेलं असतं आणि हाड अजून सुरू झालेलं नसतं, म्हणून किरण जास्त पार जातात. वरच्या दाढांच्या मुळांवरची मोठी काळी कमान म्हणजे सायनसची पोकळी. काही जुन्या सिमेंटचं भरण एक्स-रेत काळं दिसतं आणि त्याखाली कीड आहे असं वाटतं. म्हणून नुसत्या डागावर उपचार ठरवू नयेत.

प्रश्न : काही दुखत नसताना दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढायला सांगतात. गरज असते का?

उत्तर : सरसकट सगळ्यांना नाही. आधी तोंड बघायचं, मग एक्स-रे ठरवायचा, हा क्रम उलटा होऊ नये. तारीख आली म्हणून एक्स-रे काढणं बरोबर नाही, पण ‘दुखत नाही म्हणजे नकोच’ हेही चुकीचं आहे. दोन दाढा एकमेकींना टेकतात तिथली कीड आरशातून दिसत नाही आणि नसेजवळ जाईपर्यंत सहसा दुखतही नाही. त्यासाठी बाइटविंग हा एक्स-रे असतो. फिल्म किंवा सेन्सरला जोडलेल्या पट्टीवर चावायचं, की वरच्या आणि खालच्या दाढांचा हिरडीबाहेरचा भाग एकाच चित्रात येतो. हाडाची कडही त्यात नीट कळते. निरोगी तोंडात ती दाताच्या मानेपासून 1 ते 2 मिलिमीटर खाली असते.

किती दिवसांनी, हे तोंडावर अवलंबून असतं. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2012 च्या शिफारशींत नवी कीड नसलेल्या, धोका कमी असलेल्या प्रौढांसाठी बाइटविंगचं अंतर 24 ते 36 महिने आहे. कीड वारंवार होणाऱ्या प्रौढांसाठी ते 6 ते 18 महिने आणि तशाच मुलांसाठी 6 ते 12 महिने आहे. तोंड सतत कोरडं असणं, दिवसभर थोडं थोडं गोड खाणं, गेल्या दोन-तीन वर्षांत नवं भरण झालेलं असणं, दातांवर तारा असणं, यातलं काही लागू असेल तर अंतर कमी होतं. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘यात काय शोधायचं आहे, आणि ते दिसलं तर उपचारात काय बदलेल?’ ज्यानं विचार करून सांगितलं आहे, त्याला याचं उत्तर एका वाक्यात देता येतं.

प्रश्न : एका ओपीजीत सगळे दात दिसतात, मग पुन्हा छोटा एक्स-रे कशाला?

उत्तर : ओपीजी म्हणजे डोक्याभोवती यंत्र फिरवून काढलेला अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, जणू जबड्याचा नकाशा. अक्कलदाढा कशा वळल्या आहेत, कुठला दात हाडात अडकला आहे, सांधा, फ्रॅक्चर, मोठी गाठ, हे त्यात छान दिसतं. पण तपशील कमी. उपदाढा त्यात एकमेकींवर चढलेल्या दिसतात, त्यामुळे त्यांच्यामधली बारीक कीड सुटते. पुढच्या दातांवर मणक्याची सावली येते. एकाच दाताची मुळापर्यंतची तक्रार असेल तर छोटा एक्स-रेच हवा. त्यात पूर्ण मूळ आणि टोकापलीकडचं निदान 2 मिलिमीटर हाड आलं पाहिजे. टोक कापलं गेलं असेल, तर त्या चित्रावरून मुळाबद्दल बोलता येत नाही.

ओपीजी बिघडण्यात आपला हात बराच असतो. डूल, चष्मा, हेअरपिन, काढता येणारी कवळी हे सगळं आधी काढा. एका कानातल्या डुलाची पांढरी, पुसट सावली विरुद्ध बाजूला, थोडी वर उमटते आणि नेमकी दाढ झाकते. पुढचे दात प्लास्टिकच्या खाचेतच ठेवा. खाचेपुढे गेले तर दात बारीक उमटतात, मागे राहिले तर रुंद. मान ताठ, ओठ मिटलेले, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जीभ टाळूला चिकटवून ठेवायची. जीभ खाली राहिली की टाळू आणि जीभ यांच्यामधली हवा काळा पट्टा होऊन वरच्या दातांच्या मुळांवर पसरते. यंत्र फिरत असतं ते 12 ते 18 सेकंद. तेवढा वेळ गिळू नका.

त्रिमितीय स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, ही पुढची पायरी. ओपीजीत अक्कलदाढेचं मूळ खालच्या जबड्यातल्या मज्जातंतूच्या नळीवर आलं आणि तिथे मूळ काळवंडलेलं दिसलं, किंवा नळीची पांढरी कड तुटलेली दिसली, तर दाढ काढण्याआधी तो काढावा. इम्प्लांटसाठी हाडाची रुंदी मोजायलाही तो लागतो. साध्या किडीसाठी लागत नाही.

प्रश्न : किरणांची भीती वाटते. गरोदरपणात एक्स-रे चालतो का? आणि शिशाचा एप्रन दिला नाही तर?

उत्तर : 1896 च्या जानेवारीत जर्मनीत ओटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दाढांचा एक्स-रे काढला, तेव्हा त्यांना 25 मिनिटं किरण घ्यावे लागले. आज सेन्सरला सेकंदाचा एक ते तीन दशांश भाग पुरतो. किरणांचा डोस मायक्रोसिव्हर्ट या एककात मोजतात. छोट्या एक्स-रेचा डोस 10 मायक्रोसिव्हर्टच्या आत असतो. ओपीजीचा साधारण 10 ते 25. जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्याला एरवीही किरण मिळतच असतात. त्यांची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे 2,400 मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे रोजचे साडेसहाच्या आसपास. सीबीसीटीचा डोस दहा-वीसपासून काहीशे मायक्रोसिव्हर्टपर्यंत जातो, आणि तो किती भागाचा स्कॅन करता यावर ठरतो. म्हणून एका दातासाठी अख्ख्या डोक्याचा स्कॅन नको.

गरोदरपणात गरजेचा एक्स-रे जरूर काढा. किरणांचा रोख जबड्याकडे असतो आणि पोटापर्यंत पोहोचतो तो अंश नगण्य. गर्भाला 50 मिलिग्रेपेक्षा कमी डोस मिळाल्यास अपाय झाल्याचं आढळलेलं नाही, आणि दातांच्या एक्स-रेचा डोस त्याहून हजारो पटींनी कमी असतो. उलट पू झालेला दात तसाच ठेवणं आईसाठी जास्त धोक्याचं. निव्वळ नियमित तपासणीचा एक्स-रे मात्र बाळंतपणानंतर ढकलायला हरकत नाही. गरोदर असल्याचं सांगायला विसरू नका.

एप्रनबद्दल मत बदललं आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशननं 2024 मध्ये एप्रन आणि गळ्याची पट्टी नेहमी वापरण्याची शिफारस मागे घेतली. शरीरात पोहोचणारे किरण मुख्यतः डोक्याच्या आतूनच विखुरतात, त्यांना बाहेरचा एप्रन अडवू शकत नाही. ओपीजीत तर गळ्याची पट्टी चित्रात येते आणि फोटो पुन्हा काढावा लागतो. खरा फायदा किरणांचा झोत सेन्सरच्या आकाराएवढा चौकोनी करण्यात आहे. तुमच्याकडे एप्रन बंधनकारक असेल किंवा त्यानं तुम्हाला धीर येत असेल, तर जरूर घाला.

प्रश्न : एका रूट कॅनॉलमध्ये चार-पाच एक्स-रे काढले. पैसे काढायचा प्रकार आहे का?

उत्तर : नाही, चार हा आकडा नेहमीचा आहे. पहिला सुरुवातीला, मुळं किती आणि कशी वळली आहेत ते बघायला. दुसरा आत बारीक फाइल, म्हणजे मूळ साफ करायची सुई, ठेवून, मुळाची लांबी मोजायला. तिसरा मूळ भरायची शंकूसारखी निमुळती काडी आत बसवून, शेवटचा भरण झाल्यावर. लांबी मोजायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र वापरलं तर दुसरा कधी कधी वाचतो. दाढेत एका मुळामागे दुसरं लपतं, म्हणून तिरका फोटो वाढतो. उपचारानंतर साधारण वर्षानं एक काढून टोकाचा डाग भरून येतोय का ते बघावं, आणि नेमका हाच बहुतेक जण टाळतात.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे. वरचे दुधाचे सुळे अजून घट्ट आहेत. ओपीजी काढू का?

उत्तर : आधी बोटानं चाचपून घ्या. नवव्या-दहाव्या वर्षी वरच्या कायमच्या सुळ्याचा उंचवटा, दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या आतल्या बाजूला हाताला लागायला हवा. दोन्हीकडे सारखा लागला तर थांबा, हे सुळे साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी येतात. एकीकडेच लागत नसेल, किंवा अकरा होत आले तरी दोन्हीकडे लागत नसेल, तर एक्स-रे हवाच. सुळा टाळूच्या बाजूला भरकटला असेल तर वेळेवर दुधाचा सुळा काढल्यानं तो बऱ्याचदा वाटेवर येतो. उशीर झाला तर तो हाडातून ओढून आणावा लागतो, आणि तोवर शेजारच्या पटाशीच्या दाताचं मूळही झिजवू शकतो.

प्रश्न : सेन्सर तोंडात घेतला की उमासे येतात. उपाय?

उत्तर : पुढच्या दातांपासून सुरुवात करायला सांगा, दाढा शेवटी. नाकानं सावकाश श्वास घ्या आणि तेवढ्यात एक पाय जमिनीवरून उचलून धरा. लक्ष तिकडे गेलं की घसा सैल पडतो. जिभेच्या टोकावर चिमूटभर मीठ ठेवूनही काहींना फरक पडतो. नाहीच जमलं तर टाळूला बधिरतेचा फवारा मारतात. सेन्सर बोटानं धरायला लावत असतील तर होल्डर मागा. बोट हललं की चित्र हलतं आणि पुन्हा काढावं लागतं.

प्रश्न : दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना एक्स-रेचा मोबाइलवर काढलेला फोटो चालेल का?

उत्तर : शक्यतो नको. स्क्रीनचा फोटो काढला की चकाकी येते, करड्या छटा एकमेकींत मिसळतात आणि बारीक रेघा जातात. मूळ फाइल ईमेलनं किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या. सीबीसीटी असेल तर नुसते छापील तुकडे न घेता पूर्ण स्कॅन, बघायच्या सॉफ्टवेअरसह घ्या. प्रत्येक फाइलला तारीख आणि दाताचा क्रमांक लिहून ठेवा. हाड किती खाली गेलं, डाग वाढला की भरला, हे दोन चित्रं शेजारी ठेवल्यावरच कळतं, आणि जुनं चित्र हाताशी असेल तर नवं काढायची गरजही पुष्कळदा पडत नाही.