कडक सर की मित्रासारखे सर?

"मुलांशी मित्रासारखं वागलं की डोक्यावर बसतात आणि आवाज चढवला की संघ सोडून जातात. मग वागायचं तरी कसं?" माझ्याकडे येणारे क्रीडाशिक्षक आणि प्रशिक्षक हा प्रश्न फार वेळा विचारतात. त्यातलंच एक प्रकरण आज सांगते. संबंधितांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजचा फुटबॉल संघ. प्रशिक्षक तिशीतले, स्वतः पेठेच्या संघातून खेळलेले. त्यांच्या आधीचे सर अतिशय कडक होते. उशीर झाला की मैदानाला राऊंड, पास चुकला की सगळ्यांसमोर उद्धार. ते निवृत्त झाले आणि यांनी मनाशी ठरवलं, की आपण असं वागायचं नाही. मुलांबरोबर चहा, मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गप्पा, सामन्यानंतर एकत्र मिसळ. पहिले काही महिने मुलं खूश होती. मग सरावाला निम्मीच मुलं वेळेवर यायला लागली. विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेत एका मुलानं पंचांशी हुज्जत घालून पिवळं कार्ड घेतलं, थोड्या वेळानं तसंच दुसरं घेतलं आणि संघ दहा जणांवर आला. हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये मुलं एकमेकांच्या अंगावर गेली.

माझ्यासमोर बसल्यावर सरांचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, आता मी पण शिट्टी आणि शिव्या सुरू करणार. ह्या पोरांना तीच भाषा कळती."

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना इथलं एक वैशिष्ट्य सांगायला हवं. इथला कॉलेजचा खेळाडू बहुधा एकाच संघाचा नसतो. सकाळी कॉलेजचा सराव, संध्याकाळी तालमीचा. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं तालमींची, पण आज शहर त्यांना ओळखतं ते फुटबॉलमुळे. शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असला की गॅलरी भरते आणि तालमीतल्या जुन्या खेळाडूंचा शब्द पोराला घरातल्या माणसांइतकाच मोठा वाटतो. त्यामुळे कॉलेजच्या प्रशिक्षकाला मनात धाकधूक असते, की जास्त ताणलं तर पोरगं म्हणेल, "मला तालीम आहे की." सरांच्या मऊपणात ही भीतीही मिसळली होती, आणि ती ओळखायला त्यांना बराच वेळ लागला.

मी मैदानावर सराव बघायला गेले. वेळ साडेसहाची होती. दहा मिनिटं उशिरा राखीव गोलकीपर धापा टाकत आला, त्याची बस चुकली होती. सर हसतच म्हणाले, "चल, दोन राऊंड." तो निमूट पळायला लागला. त्यानंतर संघाचा स्ट्रायकर आला. गाडी लावली, सरांना टाळी दिली आणि कठड्यावर बसून सावकाश बुटांच्या नाड्या बांधायला लागला. सरांनी विचारलं, "काय भावा, झोप झाली का?" राखीव गोलकीपर तेव्हा दुसऱ्या राऊंडला होता आणि नेमका त्या कठड्यासमोरूनच जात होता. वॉर्म-अप करणाऱ्या दोघा डिफेंडरांनी आधी गोलकीपरकडे बघितलं, मग स्ट्रायकरकडे. कुणी काही बोललं नाही.

नंतर मुलांशी मी एकेकट्यानं बोलले. बहुतेकांचा सूर एकच होता, "सर लई चांगले आहेत ओ, पण कधी काय करतील कळत नाही." राखीव गोलकीपर जे बोलला ते मी वहीत लिहून घेतलं आहे: "आधीचे सर शिव्या द्यायचे, पण सगळ्यांना द्यायचे."

मला यात आधीच्या सरांचं कौतुक करायचं नाही. त्यांच्या काळात संघ वेळेवर यायचा हे खरं, पण ते मैदानावर नसले की सराव बंद पडायचा, हेही मुलांनीच सांगितलं. कर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी 1939 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच बाबतीतला आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट, मुखवटे बनवण्यासारखी कामं, आणि नेतृत्वाच्या तीन तऱ्हा. हुकूम सोडणारा प्रमुख खोलीबाहेर गेला की त्याच्या गटाचं काम एकदम मंदावायचं, शिवाय या गटांत काही मुलं दबून जायची, काही भांडायची. मुलांना विचारून, बरोबर राहून काम करवून घेणाऱ्याचा गट तो बाहेर गेला तरी काम करत राहायचा. तिसरा प्रमुख मुलांना काहीच सांगायचा नाही. त्याच्या गटात काम कमी आणि दंगा जास्त.

सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी दुसऱ्या प्रकारचा." मी म्हटलं, "तुम्हाला व्हायचंय दुसऱ्या प्रकारचं. मैदानावर सध्या तुम्ही तिसऱ्या प्रकारचे आहात." ते बराच वेळ गप्प बसले. मोकळेपणानं बोलणं आणि नियमात मोकळीक देणं या दोन गोष्टी त्यांच्या मनात एक झाल्या होत्या. मुलांना त्यांचा मोकळेपणा हवा होता. खुपत होतं ते हे, की त्याचा फायदा चांगल्या खेळणाऱ्यालाच मिळत होता.

कडकपणाच्या बाजूनं सरांनी सय्यद अब्दुल रहीम यांचं नाव घेतलं. भारतीय फुटबॉलला 1951 आणि 1962 अशी दोन आशियाई सुवर्णपदकं मिळवून देणारे हैदराबादचे रहीमसाहेब शिस्तीचे पक्के होते, हे खरंच आहे. पण ते पेशानं शिक्षक होते आणि खेळाडूला समोर बसवून समजावण्यात त्यांची ताकद होती. 1962 मध्ये डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंग या बचावपटूला त्यांनी आघाडीवर खेळवलं आणि जकार्तातल्या अंतिम सामन्यात त्यानं गोल केला. असा धाडसी निर्णय खेळाडू मनापासून स्वीकारतो, तो त्याचा प्रशिक्षकावर विश्वास असतो म्हणून. शिव्यांनी तो येत नाही.

राऊंडच्या शिक्षेबद्दल मात्र मी ठाम आहे. पळणं हा खेळाचा पाया आहे, त्यालाच शिक्षा बनवलं की मुलाला पळण्याचाच तिटकारा येतो. शिवाय यात जिवाचा धोका आहे. अमेरिकेतला कॉलेज फुटबॉल हा वेगळा खेळ, पण 2018 मध्ये तिथल्या मेरीलँड विद्यापीठात सरावातल्या धावण्यात 19 वर्षांचा खेळाडू उष्माघातानं कोसळला आणि काही दिवसांनी गेला. चौकशी अहवालात आलं, की अनेक खेळाडू तोंड उघडायला घाबरत होते. मुख्य प्रशिक्षकाला जावं लागलं, पण मुलगा परत आला नाही. एप्रिलच्या उन्हात चक्कर येतेय असं म्हणायची भीती वाटावी, असा धाक कुठल्याही मैदानावर नको.

मग आम्ही कामाला लागलो. नियम मुलांनीच करायचे, सरांनी फक्त बसायचं. मुलांनी सुचवलेल्या शिक्षा ऐकून सर हादरले: उशीर झाला तर अख्खा सीझन बाहेर, पंचांशी वाद घातला तर जर्सी काढून घ्यायची. असं बऱ्याचदा होतं, स्वतः नियम करायला बसलेली मुलं मोठ्यांपेक्षा कठोर होतात. त्यांना खाली आणणं हे तिथं माझं काम होतं. शेवटी नियम थोडकेच ठरले. फोन न करता उशीर झाला तर पुढच्या सामन्यात सुरुवातीच्या अकरात जागा नाही. पंचांशी फक्त कॅप्टन बोलेल, दुसरा कुणी बोलला तर लगेच बदली खेळाडू आत. चूक झाली तर सर त्या मुलाला बाजूला घेऊन बोलतील, सगळ्यांसमोर नाही. मुलांच्या गप्पांच्या ग्रुपमधून सर बाहेर पडले आणि सूचनांचा वेगळा ग्रुप केला. चहा आणि मिसळ तशीच राहिली, ती बंद करायचं काही कारण नव्हतं.

राखीव गोलकीपरला बस चुकल्याबद्दल दिलेले राऊंड चुकीचे होते, हे सरांनी आपणहून संघासमोर सांगितलं. रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांचं बारकाईनं निरीक्षण केलं होतं. ज्या मुलांचा स्वतःवर विश्वास कमी असतो, त्यांच्यावर प्रशिक्षकाच्या वागण्याचा परिणाम सगळ्यात जास्त होतो, असं त्यांना दिसलं. राखीव खेळाडू बहुतेक वेळा याच गटातला असतो आणि प्रशिक्षकाचं लक्ष त्याच्याकडे सगळ्यात कमी असतं.

व्हायचं तेच झालं. पुढच्या स्पर्धेतल्या सामन्याच्या आदल्या सकाळी स्ट्रायकर फोन न करता उशिरा आला. रात्री सरांचा मला फोन, "मॅडम, हा नसला तर आम्ही जिंकत नाही." मी विचारलं, "गोलकीपर उशिरा आला असता तर तुम्ही मला फोन केला असता का?" पलीकडून उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी स्ट्रायकर बाकावर बसला. मध्यंतराला संघ एका गोलनं मागे होता, उत्तरार्धात तो आत गेला, त्यानंच बरोबरी साधली आणि टायब्रेकरमध्ये कॉलेज हरलं.

त्यानंतरचे दिवस सरांना फार जड गेले. तालमीतल्या एका जुन्या खेळाडूचा फोन आला, "आमच्या पोराला बाकावर बसवताय व्हय?" स्ट्रायकर सरावाला येईना. सर त्याच्या घरी गेले नाहीत, गर्दीतही त्याला गाठलं नाही. क्लास सुटल्यावर कॉलेजच्या कट्ट्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, "माझा तुझ्यावर राग नाही. नियम सगळ्यांनी केला होता, तू पण हात वर केला होतास. आता मला सांग, उशीर का होतो?"

हा प्रश्न त्याला तोवर कुणीच विचारला नव्हता. तालमीचा सराव रात्री उशिरा संपायचा, मग वडिलांच्या दुकानाचं शटर ओढायला मदत, जेवण आणि झोप मध्यरात्रीनंतर. पोरगं माजलंय असं सगळे समजत होते, आणि ते नुसतं थकलं होतं. सर तालमीच्या प्रशिक्षकांना जाऊन भेटले. दोघांनी मिळून ठरवलं, की तालमीच्या जड सरावाच्या दुसऱ्या दिवशी त्या संघातली मुलं कॉलेजला सात वाजता येतील आणि फक्त स्ट्रेचिंग करतील. ही सवलत एकट्या स्ट्रायकरला नव्हती, दोन्हीकडे खेळणाऱ्या प्रत्येकाला होती.

स्ट्रायकर परत आला. दुसरा एक मुलगा, पंचांशी हुज्जत घालणारा, नव्या नियमाला कंटाळून कॉलेजचा संघ सोडून गेला. सरांना त्याचं वाईट वाटतं आणि ते मला योग्यच वाटतं. त्याला अजून निरोप जातात, दार बंद केलेलं नाही.

अशीच अडचण घेऊन येणाऱ्या प्रशिक्षकांना मी आता सगळ्यात आधी मागच्या महिन्यात कुणाकुणाला सूट दिली आणि कुणाला शिक्षा झाली, हे नावानिशी लिहून आणायला सांगते. आवाज किती चढवावा याची चर्चा त्यानंतर. कित्येकांना ती यादी लिहितानाच आपल्या संघाचं दुखणं कळतं.

सरांच्या संघात एक काम अजून बाकी आहे. आधीच्या काळातली सवय म्हणून काही मुलं दुखापत लपवतात. घोट्याला सूज असली तरी पट्टी बांधून उतरतात, कारण जागा जाईल ही भीती. दुखणं सांगणाऱ्या मुलाची जागा तो बरा होईपर्यंत धरून ठेवायची, असा नियम सरांना करायचा आहे. पण त्या काळात त्याच्या जागी खेळलेल्या मुलानं चांगला खेळ केला तर त्याच्यावर अन्याय होतो, असं कॅप्टनचं म्हणणं आहे. पुढच्या बैठकीत मुलं यावरच बोलणार आहेत.