डाव्या बाजूचा शेक (रेडिएशन) आणि हृदय: टाळू नका, हृदयाचा डोस विचारा

तुमचा प्रश्न असा: आई ५६ वर्षांच्या, मधुमेह आहे, डाव्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली, आता १५ सिटिंगचा शेक सांगितलाय, हृदयाला धोका म्हणून नाही म्हणावं का?

नाही म्हणू नका. स्तन राखून नुसती गाठ काढल्यावर शेक घेतला नाही, तर १० वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण जुन्या एकत्रित अभ्यासात ३५ टक्के होतं. शेक घेतलेल्यांत १९.

हृदयाची भीती मात्र निराधार नाही. स्वीडन-डेन्मार्कमध्ये १९५८ ते २००१ दरम्यान शेक घेतलेल्या २,१६८ स्त्रियांच्या नोंदींवरून २०१३ साली दिसलं, की हृदयाला मिळालेल्या सरासरी डोसच्या प्रत्येक ग्रेमागे (ग्रे हे शेकाच्या डोसचं एकक) हार्ट अटॅकसारख्या घटनांचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो. ही वाढ मूळच्या धोक्यावर असते. पन्नाशीच्या, हृदयविकाराला पूरक काहीही नसलेल्या बाईला ३ ग्रे मिळाले, तर ऐंशीच्या आत अशी घटना घडण्याची शक्यता ४.५ वरून ५.४ टक्के होते. मधुमेह, बीपी, तंबाखू असेल तर मूळ आकडाच मोठा. म्हणून शुगर आणि कोलेस्टेरॉल आत्ताच तपासा. मिश्री लावत असतील तर ती बंद करा. तोही तंबाखूच आहे, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर बायका हमखास ती सांगायची राहतात.

शेकाचं प्लॅनिंग झालं की डॉक्टरांना ‘मीन हार्ट डोस (हृदयाचा सरासरी डोस) किती आला?’ असं थेट विचारा. तो प्लॅनमध्ये लिहिलेलाच असतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या एलएडी धमनीचा डोसही विचारा, कारण ती हृदयाच्या पुढच्या बाजूने, छातीच्या भिंतीजवळून उतरते. छातीच्या हाडामागच्या लिम्फ नोड्सनाही (लसिका ग्रंथींनाही) शेक द्यायचा असेल तर हृदयाचा डोस वाढतो. तिथला शेक का हवा, हे समजून घ्या.

डीआयबीएचची, म्हणजे खोल श्वास रोखून शेक देण्याची सोय आहे का, हे सीटी सिम्युलेशनच्या (प्लॅनिंगसाठीच्या सीटी स्कॅनच्या) आधीच विचारा. खोल श्वास रोखला की फुप्फुस भरतं, हृदय छातीच्या भिंतीपासून मागे-खाली सरकतं आणि डोस बहुतेकींत बराच, कधी निम्म्यावर उतरतो. आठवडाभर आधी घरी सराव करा: पाठीवर झोपून, हात डोक्यावर, श्वास घेऊन २० सेकंद थांबायचं, रोज आठ-दहा वेळा. नेहमीची चूक म्हणजे छाती भरण्याऐवजी कंबर उचलणं, किंवा पोट फुगवणं. मधेच खोकला आला तर घाबरू नये, बीम थांबवतात. श्वास धरणं जमलंच नाही, तर काही ठिकाणी पालथं झोपवून शेक देतात; मोठ्या स्तनांना ते विशेष सोयीचं.

अॅड्रियामायसिन किंवा ट्रॅस्टुझुमॅब ही कॅन्सरची औषधं दिली असतील तर टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) ठरलेल्या अंतराने होतोच. पण इको नॉर्मल म्हणजे धमन्या स्वच्छ, असं नाही. तो प्रामुख्याने पंपिंग आणि झडपा दाखवतो. शेकाचा धमन्यांवरचा परिणाम पहिल्या पाच वर्षांतही दिसू शकतो आणि वीस वर्षांनंतरही. मधुमेहात छातीत दुखेलच असं नाही. जिना चढताना नव्याने दम लागला, जबडा किंवा हात भरून आला, तर ॲसिडिटीची गोळी देऊन वाट पाहू नका; त्याच दिवशी ईसीजी काढा आणि डाव्या बाजूला शेक झालाय, हे तिथल्या डॉक्टरांना सांगा.