नव्या खजिनदारासाठी: 80जीची पावती फाडण्याआधी

अभिनंदन! हे पद सहसा कुणी हौसेनं घेत नाही.

एक गैरसमज आधी काढून टाका. धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदला म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळाली, असं नसतं. त्यासाठी आयकर खात्याची 80जीची, म्हणजे देणगीवर वजावट देणाऱ्या कलमाखालची, मान्यता वेगळी लागते आणि तिची मुदत संपते. मान्यतापत्रावरची तारीख आजच बघा.

2000 रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर वजावट नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय मागा. तांदळाची पोती, जुने पंखे आनंदानं घ्या, पण त्यांची 80जीची पावती नको. वजावट फक्त पैशांवर.

खरी मेख पॅनमध्ये आहे. आर्थिक वर्ष संपलं की 31 मेपर्यंत 10बीडी हा देणगीदारांच्या नावा-पॅनचा फॉर्म भरायचा, मग आयकर पोर्टलवरून 10बीई प्रमाणपत्र काढून प्रत्येकाला द्यायचं. उशिराला दिवसाला 200 रुपये. एकदा माझ्याकडून एका आजोबांच्या पॅनमधलं एक अक्षर चुकलं आणि त्यांची वजावट अडकली. दुरुस्ती केली, पण त्यांच्यासमोर मान खाली गेली ती गेलीच. तेव्हापासून मी कार्डाचा फोटोच मागतो.

'सगळा कर वाचेल' असं कुणाला सांगू नका. आपल्यासारख्या न्यासाला दिलेल्या रकमेच्या निम्मीच वजावट, तीही उत्पन्नाच्या 10 टक्क्यांच्या मर्यादेत. नवी करप्रणाली निवडणाऱ्याला तीही नाही.

हे क्रमांक 1961 च्या कायद्यातले. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा आहे, तेव्हा पावतीपुस्तक छापण्याआधी सीएला दाखवा.